नऊ नग, जिवंत

"भोपाळ? आणि मी?" शरच्चंद्रराव पागनीस खुर्चीत मागे रेलून हसले. "तात्यासाहेब, राजधानी जाईल, फायली जातील, तुम्हीसुद्धा जाल! पण हा शरच्चंद्र पागनीस ग्वाल्हेरातली ही लष्कर पेठ सोडून एक पाऊल हलणार नाही. लिहून घ्या!"

एकोणीसशे छप्पनचा ऑक्टोबर चालला होता. मध्य भारत नावाचं राज्य आठ वर्षांचं होऊन आता आवरायला निघालं होतं. एक नोव्हेंबरला ते नव्या मध्य प्रदेशात विरघळणार आणि राजधानी भोपाळला जाणार, हे ठरलं होतं. बदलीच्या याद्या रोज लागत होत्या. ग्वाल्हेरात माणसं एकमेकांना भेटली की 'नमस्कार' म्हणायच्या ऐवजी 'आलं का नाव?' असं विचारायची.

शरच्चंद्ररावांच्या कचेरीचं नाव होतं 'सरकारी बागा आणि शोभा'. दरबारच्या दिवसांत कारंजी, मोर, झुंबरं, म्हणजे ज्यांचा बघण्यापलीकडे काही उपयोग नाही अशा सगळ्या वस्तू ह्या कचेरीकडे असत. लोकशाही आली आणि मोर उडाले, झुंबरं उतरली, कारंजी कोरडी पडली. राहिला तो पितळी चौकटीचा एक भला थोरला काचेचा हौद आणि त्यातले नऊ सोनमासे. सरकारी यादीत त्यांची नोंद होती: 'मछली सुनहरी, नौ नग, जीवित.' त्यांचं पाणी बघणारा लिपिक म्हणजे शरच्चंद्रराव.

हेडक्लार्क तात्यासाहेबांचं नाव पहिल्याच यादीत लागलं होतं. तेव्हापासून ते शरच्चंद्ररावांना पाण्यात पाहायचे. त्यात त्यांचा तरी काय दोष? शरच्चंद्रराव दिवसभर असायचेच तिथे!

सोनमाशांनी त्यांना आजवर तारलं होतं. मध्य भारताची राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला असायची आणि अर्धं वर्ष इंदूरला. उन्हाळा आला की अख्खी कचेरी फायली, टाइपरायटर आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन इंदूरची गाडी धरायची. शरच्चंद्रराव मात्र जागचे हलायचे नाहीत. मासे हलवता येत नव्हते आणि माशांना सोडून शरच्चंद्ररावांना हलवता येत नव्हतं. आताही त्यांनी तोच डाव टाकला होता. घोटीव अक्षरात अर्ज केला होता: 'सदर मासे ह्या आवारातील विहिरीच्या पाण्यास सरावलेले असून अन्य पाण्यात खात्रीने दगावतील. सबब मासे व त्यांचे पाणी पाहणारा लिपिक यांस ग्वाल्हेर येथेच ठेवण्याची कृपा व्हावी.'

भोपाळहून उत्तर आलं. शनिवारी दुपारी बारा वाजता कृष्णराव नावाचे साहेब स्वतः येऊन मासे पाहतील आणि जागच्या जागी निकाल देतील. नऊच्या नऊ जिवंत आणि ठणठणीत असले, तर हौद आणि लिपिक दोन्ही ग्वाल्हेरला. एक जरी कमी भरला, तर हौद मोडीत आणि लिपिक भोपाळला.

आता तुम्ही म्हणाल, भोपाळात काय वाघ खातो माणसाला? तसं नव्हे. शरच्चंद्रराव आयुष्यात एकदाच गाव सोडून राहिले होते, चुलतभावाकडे, पुण्यात. तिथे त्यांनी पहिल्याच दिवशी 'मला भूख लागली' म्हटलं आणि सगळं घर हसत सुटलं. चौथ्या दिवशी ते परतले. इथे ग्वाल्हेरात लोक त्यांना मराठे म्हणायचे, तिकडे पुण्यात ते हिंदीवाले ठरले. पाटणकर बाजारातल्या त्यांच्या गल्लीत मात्र ते नुसते शरच्चंद्रराव होते. अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवलं तरी तिथे कुणी मान वर करून बघत नसे. आपल्याला दुसऱ्या पाण्यात जगता येणार नाही, अशी त्यांना मनापासून भीती वाटायची. ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. अर्जात माशांच्या नावावर खपवली होती, एवढंच.

पण एक सांगायला हवं. माणूस कामाचा पक्का होता. "मासा आजारी पडत नाही हो," ते म्हणायचे, "आधी पाणी आजारी पडतं!" विहिरीचं पाणी ते आदल्या दिवशी काढून घंगाळात निवायला ठेवत. दर सोमवारी हौदातलं चौथा हिस्सा पाणी काढत आणि तेवढंच नवं घालत, तेही वाटीवाटीनं. आधी कोपर बुडवून पाहत, दोन्ही पाणी सारखंच गार आहे ना. दाणे इतके कमी टाकत, की हा माणूस माशांना उपाशी मारतोय अशी तक्रार तात्यासाहेबांनी दोनदा वर केली होती. पण उरलेला दाणा तळाशी कुजतो आणि पाणी नासवतो, हे तात्यासाहेबांना कोण सांगणार?

माशांना त्यांनी नावं दिली होती. दरबारातली जी जी पदं गेली, ती एकेका माशाला बहाल केली. दिवाणजी, फडणीस, खासगीवाले, किल्लेदार आणि सगळ्यांत लठ्ठ तो नगरशेट. राज्य गेलं तरी कारभार पोहत होता.

गुरुवारी दुपारी त्यांना नगरशेटच्या शेपटीवर कापसासारखं काहीतरी पांढुरकं दिसलं. घाबरण्यासारखं नव्हतं. अशा वेळी हौदात थोडं मीठ घालावं, त्यानं माशाची कातडी सावरते, हा त्यांचा जुना अनुभव होता. हरविलास चपराशाला सांगायचं आणि घरी जायचं, इतकं सोपं काम!

पण दुपारचे तीन वाजले होते. हौद होता त्या दालनाच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. तीन वाजता ऊन त्यांतून उतरून हौदात शिरायचं आणि भिंतीवर, फायलींवर, शरच्चंद्ररावांच्या टोपीवर हिरवी-निळी झुळझुळ सुरू व्हायची. त्या वेळी ते कुठे असत, हे त्यांनाही सांगता येत नसे. त्या दिवशी ते नई सडकेवर होते आणि नई सडक पाण्याखाली होती. टांगे कल्ले हलवत संथ चालले होते. दुकानदार तराजू धरून जागच्या जागी तरंगत होते. वरून किल्ला एखाद्या भल्यामोठ्या शिंपल्यासारखा दिसत होता. कुणालाही कुठेही जायची घाई नव्हती. याद्या भिजून त्यांची शाई निघून गेली होती.

"साब, कुछ काम है? नहीं तो हम चाय पी आएँ," हरविलासनं विचारलं.

शरच्चंद्रराव पाण्याखालूनच बोलले, "हाँ... पानी में दो मूठ मीठ डाल देना."

एरवी हरविलासशी बोलताना ते सफाईदार हिंदी बोलत. पण स्वप्नात माणूस आईच्या भाषेत बोलतो, त्याला काय करणार!

शुक्रवारी सकाळी ते कचेरीत आले आणि दारातच थबकले. हौदात पाणी नव्हतंच! तांदळाचं धुवण होतं, पांढरं, गढूळ. त्याच्या वर नऊ तोंडं उघडझाप करत होती. दिवाणजी, किल्लेदार, सगळा दरबार हवेसाठी वर आला होता. फडणीस एका कुशीवर कलले होते. शरच्चंद्ररावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हरविलास! काल पानी में क्या डाला?"

"जो आपने कई थी, साब," हरविलास छाती काढून म्हणाला. "मीठो!"

"मीठ!"

"हाँ साब, मीठो. आपने दो मुट्ठी कई, हमने चार डार दई. दिवारी को टैम है, बिचारी मछरियाँ भी का याद करेंगी."

"मीठा... क्या मीठा?"

"बूरा. बिलकुल सफेद, नई सडक के हलवाई को. घी में डारके पंगत में परोसत हैं न, वोई!"

शरच्चंद्रराव मटकन खाली बसले. बूरा म्हणजे साखर! चार मुठी साखर! साखरेवर डोळ्यांना न दिसणारे जंतू तुटून पडतात आणि पाण्यातला सगळा श्वास पिऊन टाकतात. माशांच्या वाट्याला काही राहत नाही.

"अरे, मीठ माने नमक! नमक!"

हरविलास अगदी शांतपणे म्हणाला, "तो साब, नमक कहते. नमक को मीठो कौन कहत है?"

जगातल्या सगळ्यांत खारट वस्तूला 'मीठ' म्हणून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांचा शरच्चंद्ररावांना त्या दिवशी पहिल्यांदाच राग आला.

तेवढ्यात तात्यासाहेब आले. त्यांनी हौद पाहिला, माशांची तोंडं पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी चार-आठ दिवस आधीच आली. पण लगेच त्यांच्या ध्यानात आलं, की उद्या मासे मेलेले निघाले तर हेडक्लार्क म्हणून जाब त्यांनाही द्यावा लागेल. दिवाळी विझली.

"पागनीस, नऊ नग पाहिजेत मला! नऊ! कमी पडले तर लाल भोपळ्याच्या फोडी कापून सोडा पाण्यात. भोपाळचे साहेब, भोपळा ओळखणार आहेत थोडेच!"

"भोपळा पोहत नाही, तात्यासाहेब."

"मग हरविलास खालून काठीनं हलवेल!"

शरच्चंद्रराव बादली घेऊन विहिरीकडे धावले. पाणी बदलायचं, एवढाच उपाय होता. विहिरीत चार गडी कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते आणि घमेल्यांनी गाळ उपसत होते. साहेब येणार म्हणून तात्यासाहेबांनी कालच विहीर साफ करायला काढली होती! पाणी गेरूसारखं लाल झालं होतं. चार दिवस तरी ते कामाचं नव्हतं.

आता उरला आवारातला नळ. नळाच्या पाण्यात जंतू मारायची दवा असते. माणसाला ती पचते, पण माशाचे कल्ले तिनं पोळतात. शरच्चंद्ररावांनी नळ सोडला, ओंजळ नाकाशी नेली. वास आलाच! तसंच्या तसं घातलं असतं तर साखरेतून वाचलेले दवेनं गेले असते. ही दवा उडवायची तर पाणी पसरट भांड्यांत ओतून उन्हात ठेवायला हवं. ह्या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतत राहायला हवं. आणि त्यासाठी भांडी हवीत, खूप भांडी!

"हरविलास! टांगा पकडो, हमारे घर जाओ. बाई से कहना, घर के सब बर्तन लेकर फौरन आएँ!"

हरविलास गेला. शरच्चंद्ररावांच्या पत्नी वनमालाबाई दारात रांगोळी काढत होत्या. हरविलास धापा टाकत म्हणाला, "बाईसाब, सब बर्तन बाँध लो, साब ने बुलाओ है. बिलकुल टैम नईं है. भोपाल वाले साब आ रये हैं!"

ह्या सगळ्यातून वनमालाबाईंनी एकच शब्द उचलला, भोपाल! त्यांच्या हातातली रांगोळी तिथेच सांडली.

तासाभरानं कचेरीच्या आवारात टांगा शिरला. त्यात घंगाळ, परात, हंडे, पातेली, पितळी डबे एकावर एक रचलेले होते. त्यांच्या मधोमध वनमालाबाई बसल्या होत्या, डोळे सुजलेले, ओटी नारळा-तांदळानं भरलेली. शेजारी शालिनीताई होत्या, त्यांच्या समोरच्या घरातल्या. त्यांच्या हातात दह्याची वाटी होती.

"भावजी, हे काय हो!" शालिनीताईंनी उतरता उतरता हंबरडा फोडला. "सांगितलंसुद्धा नाही! एकदम आजच्या आज? हात पुढे करा बघू, दही घ्या हातावर. प्रवासाला निघताना असं रिकामं जाऊ नये."

"कसला प्रवास? शालिनीताई, ती वाटी हौदापासून लांब न्या आधी! साखर पडलीच आहे, आता दही पडलं तर लस्सी व्हायची!"

"म्हणजे आपण भोपाळला निघालो नाही?" वनमालाबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही! भांडी पाण्यासाठी मागवली. मासे मरायला लागलेत."

वनमालाबाईंनी डोळे पुसले आणि दुसऱ्याच क्षणी कमरेवर हात ठेवले. "माशांसाठी? अहो, मी देवघरातले देव गुंडाळले! गल्लीतल्या अकरा घरी निरोप घेऊन आले. उषाताईंच्या गळ्यात पडून रडले मी! त्यांचं नि माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं!"

पण मग त्यांनी हौदाकडे पाहिलं. नऊ तोंडं अजून उघडझाप करत होती. त्यांनी पदर खोचला आणि परात उचलली.

त्या दिवशी त्या आवारात जे चाललं, ते बाहेरून बघणाऱ्याला नक्की लग्नघर वाटलं असतं. अंगणभर भांडी मांडली होती आणि प्रत्येक भांड्यात आकाशाचा एकेक तुकडा पडला होता. शालिनीताई निरोप द्यायला आल्या होत्या, त्या हंड्यानं पाणी ओतत होत्या. हरविलास तिवईवर चढून उंचावरून धार धरत होता आणि दर धारेला 'माफ करियो, दिवानजी' म्हणत होता. शरच्चंद्रराव भांड्याभांड्यांतून हिंडत पाणी हुंगत होते. वास पुरता गेला की कोपर बुडवत, मान हलवत आणि ते पाणी आत जायचं. हौदातून एक वाटी गढूळ बाहेर, मग एक वाटी स्वच्छ आत.

"एकदम ओता की सगळं!" तात्यासाहेब मागून ओरडले. "वाटीनं काय पाजताय, बाळकडू?"

"एकदम बदललं तर धक्क्यानं जातील," शरच्चंद्रराव मागे न बघता म्हणाले. "पाणी कितीही चांगलं असो, मासा त्यात हळूहळूच शिरतो."

दुपारी तीनच्या सुमाराला ऊन खिडक्यांतून हौदात उतरलं. पाणी निम्मं निवळलं होतं. भिंतीवर पुन्हा ती हिरवी-निळी झुळझुळ सुरू झाली, आधी अंधूक, मग जराशी उजळ. फडणीस हळूच सरळ झाले. नगरशेटनी एक चक्कर मारली आणि तळाशी जाऊन बसले. मग एकेक करत सगळा दरबार पृष्ठभाग सोडून खाली उतरला. वनमालाबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. काचेतून येणारा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता आणि शरच्चंद्ररावांना त्या क्षणी त्या, टांगे, तराजू, सगळं पुन्हा पाण्याखाली असल्यासारखं दिसायला लागलं.

"तुम्ही रोज हेच बघत बसता होय?" वनमालाबाईंनी हळूच विचारलं.

"हो."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि पुढची वाटी ओतली.

शनिवारी सकाळी उरलेलं पाणीही तसंच बदलून झालं. साडेअकराला हौद आरशासारखा लखलखत होता. त्यात नऊ सोनमासे, नऊच्या नऊ, असे मिरवत होते, की जणू संस्थान कालच परत मिळालं! शालिनीताईंनी हौदाच्या चौकटीला लांबूनच हळदकुंकू लावलं. कुंकवाचा कणसुद्धा आत पडू द्यायचा नाही, असा शरच्चंद्ररावांचा हुकूमच होता.

बारा वाजता कृष्णराव आले. मूळचे जबलपूरचे, पण घरात मराठी बोलणारे. सडपातळ, मितभाषी आणि चष्म्यावरून बघणारे. त्यांनी बोटानं मासे मोजले, पुन्हा उलट्या बाजूनं मोजले आणि खिशातून पेन काढलं.

"नऊ. उत्तम. पागनीस, तुमचा अर्ज मी वाचला. पटण्यासारखा आहे. इथल्या विहिरीचं पाणी ह्यांना मानवलेलं, ते सोडून हे जगणार नाहीत, असंच ना?"

"अगदी असंच, साहेब!" शरच्चंद्रराव म्हणाले.

कृष्णरावांनी कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. 'हौद व लिपिक, मुक्काम ग्वाल्हेर' एवढं त्यांनी लिहिलंही. सही तेवढी राहिली होती. सही करता करता ते सहज, अगदी गप्पा मारल्यासारखे म्हणाले, "नशीबवान आहात बुवा. विहीर चांगली, म्हणून मासे चांगले. तुमचं काम काय ते दोन वेळा दाणे टाकण्याचं!"

मंडळी, इथे गप्प बसायचं होतं. 'होय साहेब' म्हणायचं होतं. फार तर नुसतं हसायचं होतं. मागे उभ्या तात्यासाहेबांनीही, म्हणजे साक्षात तात्यासाहेबांनी, धोका ओळखून खाकरायला सुरुवात केली होती. वनमालाबाईंनी दारातून डोळे वटारले होते. पण बारा वर्षं ज्यानं कोपर बुडवून पाणी पाहिलं, दोन दिवस ज्यानं वाटीवाटीनं नऊ जीव ओढून आणले, त्याला 'दाणे टाकणारा' म्हणायचं?

"नशीब?" शरच्चंद्रराव उसळले. "साहेब, ह्या क्षणी ह्या हौदात त्या विहिरीचा एक थेंब नाही!"

पेन थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे नळाचं पाणी आहे हे! दवा घातलेलं! ती दवा मी उन्हात उडवली. कालपासून सगळंच्या सगळं पाणी बदललं, वाटी बाहेर, वाटी आत! आधी साखर पडली होती, मासे उताणे व्हायला लागले होते, फडणीस तर गेल्यातच जमा होते! मासा कुठल्याही पाण्यात जगतो, साहेब! फक्त आणणाऱ्याला धीर पाहिजे आणि हात पाहिजे! हा बघा, हा!"

आणि त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत पुढे केला.

तात्यासाहेबांचं खाकरणं मध्येच थांबलं. हौदात नगरशेटनी सावकाश वळण घेतलं.

"कुठल्याही पाण्यात?" कृष्णरावांनी विचारलं.

शरच्चंद्ररावांचा हात हळूहळू खाली आला. आपण काय बोललो, ते आता त्यांना ऐकू आलं. "म्हणजे... तसं नव्हे, साहेब... काही काही पाण्यात..."

"नाही, नाही. अहो, फार मोठी गोष्ट सांगितलीत तुम्ही!" कृष्णराव पहिल्यांदाच मनापासून हसले. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि तिच्याखाली नवी लिहायला घेतली. "नव्या राजधानीत शोभेची एकही वस्तू नाही, पागनीस. सगळीकडे नुसते तंबू नि विटा. मी हाच विचार करत होतो, हे मासे नेता आले असते तर किती बरं झालं असतं!"

संध्याकाळी शरच्चंद्रराव घरी पोचले तेव्हा गल्लीत दिवे लागत होते. वनमालाबाई आधीच घरी येऊन, देवघरातले देव सोडवून, पुन्हा जागच्या जागी बसवत होत्या. साहेबांपुढे त्यांनी डोळे वटारले होते खरे, पण पुढचं काही त्यांना ऐकू आलं नव्हतं. शालिनीताईंनी त्यांना त्याच वेळी बाहेर ओढून नेलं होतं, परात कुणाची आणि घंगाळ कुणाचं ते ठरवायला.

"वाचले का मासे?" त्यांनी न वळता विचारलं.

"वाचले."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ. साहेब म्हणाले, इतके ठणठणीत मासे त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नाहीत."

"अगबाई! म्हणजे आपलं राहणं पक्कं!" वनमालाबाईंनी बाळकृष्णाला आसनावर ठेवलं आणि हात जोडले.

शरच्चंद्रराव उंबऱ्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाहेर गल्लीत कुणीतरी कुणालातरी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत हाका मारत होतं.

"मासे भोपाळला निघालेत," ते म्हणाले.

वनमालाबाई वळल्या. "मासे? आणि तुम्ही?"

शरच्चंद्ररावांनी टोपी हातात फिरवली, आणि पहिल्यांदाच अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आता तिकडे त्यांचं पाणी कोण बदलणार?"